पोटाकडून काढलेलं चित्र

सोल्डरिंगच्या धुराचा वास आला की मला बोईसरच्या कारखान्यातल्या सुमनताई आठवतात. त्या एडवणच्या कोळीवाड्यातून यायच्या. मी नवा इंजिनियर. डेटाशीटमधलं चित्र पाहून ट्रान्झिस्टर कसे बसवायचे ते मीच त्यांना सांगितलं, आणि एकही सर्किट चालेना. ताईंनी एक ट्रान्झिस्टर घेतला आणि मासा उलटावा तसा पाय वर करून चित्राशेजारी धरला.

"सायेब, चित्र पोटाकडून काढलेला हाय. तुमी पाठीकडून बघता."

चित्राखाली इंग्रजीत तसं लिहिलंही होतं!

तेवढ्यात मॅनेजर आले. मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाल्या, "माज्या हातून उलटे लागले."

ते ओरडून गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "तुमची नोकरी नवी हाय. माज्यावर वरडून ते दमलेत."

तेव्हा मी नुसता हसलो. आता त्या वासाने डोळे भरून येतात, आणि दोष मी धुराला देतो.