कपाटाच्या काचेत दिसलेले व्हॉल्व्ह

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट कळत नाही.

सोलापुरात मी तीस वर्षं गाणं शिकवलं. कान असावा तर मास्तरांसारखा, असं लोक म्हणायचे. मलाही ते खरं वाटायचं. तसं वाटणं मला हवं होतं, म्हणा ना.

शेजारचे युसूफभाई शिलाईकाम करत. जुन्या रेकॉर्डचं भारी वेड. त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर व्हॉल्व्हचा — काचेचे, बल्बसारखे तापणारे. मंगळवेढ्याच्या एका शौकिनाकडून त्यांनी व्हॉल्व्हची दुर्मिळ जोडी आणली. आणि बदल्यात काय दिलं? वारलेल्या बायकोचं शिलाई मशीन.

त्यांचा मुलगा इरफान चिंचोळी एमआयडीसीत इलेक्ट्रिशियन. तो हबकलाच. "अब्बा, आवाजात काडीचा फरक न्हाय. अम्मीचं मशीन परत आणू." तो शौकीन अजून परत द्यायला तयार होता.

"मास्तर सांगतील की," युसूफभाई म्हणाले.

इरफाननं मधे चादर बांधली. तिच्यामागे तो कधी साधे व्हॉल्व्ह लावायचा, कधी दुर्मिळ. तेच गाणं, पाच वेळा. आणि मला — मला काहीच फरक कळेना. पण बाजूच्या कपाटाच्या काचेत त्याचे हात दिसत होते. दुर्मिळ व्हॉल्व्हचं बूड तपकिरी, साध्याचं काळं. मी पाचही वेळा बरोबर सांगितलं.

"मास्तर, खरंच ऐकू आलं तुमाला?" इरफाननं विचारलं.

"तुझा कान तयार नाही, बाबा."

असं म्हणालो मी. 'कळत नाही' एवढंच म्हणायचं होतं — काय गेलं असतं माझं?

"आईचं नाव काढून बापाला खोटं पाडतोस?" युसूफभाई कडाडले. इरफान त्याच आठवड्यात घर सोडून गेला. मशीन तर गेलंच. पुढं चार वर्षं भिंतीपलीकडून एकाच ताटाचा आवाज यायचा. तो मात्र मला स्पष्ट ऐकू यायचा. रोज. तरी मी तोंड उघडलं नाही.

गेल्या वर्षी युसूफभाई गेले. दफन करून परतताना इरफान माझे दोन्ही हात धरून रडला. "मास्तर, अब्बांचंच खरं होतं. मलाच ऐकू येत नव्हतं. उगाच भांडलो मी."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे," म्हणालो — जणू माफ करणारा मी होतो.