उंबऱ्याबाहेरची बिडी

"हा करा."

दाराच्या चौकटीला आडवा हात लावून मावशी नवऱ्याला एवढंच म्हणायची. काका शेतावरून आलेले असायचे, डोक्यावर वैरणीचा भारा असायचा, आणि त्या भाऱ्यासकट ते आज्ञाधारकपणे तोंड उघडून "हाऽ" करायचे. मावशी नाक पुढे करून हुंगायची. पास झाले तर हात खाली यायचा. नापास झाले तर भारा गोठ्यात टाकून येईपर्यंत दाराला आतून कडी लागलेली असायची, आणि मग काका आमच्या दुकानाच्या फळीवर येऊन बसायचे.

"पेरूचा पाला चावला व्हता, शेट," ते हळूच सांगायचे. "तरी वळाखलं."

ओतूरच्या पेठेत आमचं किराण्याचं दुकान. आजोबा राजस्थानातून आले, ते इथलेच झाले. दुकानासमोरच मावशीचं दार (सगळी आळी तिला मावशीच म्हणायची), मध्ये बैलगाडी जाईल एवढा रस्ता. त्यामुळे गिऱ्हाईक नसलं की माझं लक्ष आपोआप तिकडे जायचं. आमच्या घरात कांदा-लसूण शिजत नाही, पण दुकानात बिड्यांची बंडलं आणि तंबाखूच्या पानांचा गठ्ठा असायचा. मावशीनं मला बजावून ठेवलं होतं, "शेट, आमच्या ह्यांना बिडी दिलीस तर तुज्या दुकानाची पायरी चढायची न्हाई." मी द्यायचो नाही. काका दुसरीकडून घ्यायचे.

तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल, जिच्या धाकानं पुरुषमाणसं वळसा घालून जातात. आमच्या मावशीच्या धाकाला कारण होतं. तिचा बाप तिच्या लहानपणी खोकून खोकून गेला. "जीव गेला तरी बोटातली बिडी सुटली नव्हती," असं ती सांगायची, आणि सांगताना तिचा आवाज जराही हलायचा नाही.

तिचं नाक पेठेत नावाजलेलं होतं. कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे येणार असले की मावशीला आवर्जून बोलावणं जायचं. चहा-पोहे झाले की ती नवऱ्या मुलासमोर बसायची आणि म्हणायची, "पावणं, राग मानू नका. जरा हा करा." निमगाव सावाचा एक मुलगा आला होता, चांगला शिकलेला, इस्त्रीच्या कपड्यातला. त्यानं "हाऽ" केलं तर वेलदोड्याचा घमघमाट सुटला. सगळे हसले. मावशी हसली नाही. "येलदोडा कशापाई खाल्ला, तेवढं सांगा," ती म्हणाली. मुलगा लालबुंद झाला आणि ते लग्न तिथंच मोडलं. मुलगा पुढे चांगला निघाला म्हणे, पण मावशीला त्याचं काही नव्हतं.

आता दुसरी बाजू सांगतो. हीच मावशी माझ्या दुकानातून दर आठवड्याला तंबाखूची पानं न्यायची. ती तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरून भुकटी करायची आणि डबीत भरून कमरेला खोचायची. ही मिश्री. भाजायच्या दिवशी अख्खी आळी शिंकायची, आमच्या तराजूवरही शिंका पडायच्या. दुपारी कामं आवरली की चार बायका मावशीच्या पायरीवर जमायच्या. बोटावर मिश्री घेऊन हिरड्यांवर घासायची, गालात धरून बसायचं, गप्पा मारायच्या आणि मधूनमधून कडेला थुंकायचं. दात सगळ्यांचेच काळे. जगाचे तंटे त्या पायरीवर मिटायचे.

शाळेनं एकदा व्यसनमुक्तीची फेरी काढली. मावशी न बोलावता सगळ्यांत पुढे. "बिडी सोडा, संसार जोडा" असं मुलं ओरडत होती आणि ही हात वर करून साथ देत होती. माझ्या दुकानासमोर आल्यावर तिनं फेरी थांबवली, गटारीत मिश्रीची पिंक टाकली, पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा हात वर केला. मी हसून हसून पोत्यावर बसलो.

काकांनी एकदाच, माझ्यादेखत, तिला टोकलं होतं. "मंग तू बी सोड की ती काळी भुकटी."

मावशी त्यांच्याकडे बघतच राहिली. तिला राग आला नव्हता, तिला खरंच कळलं नव्हतं. "दात घासायचं सोडू?" ती म्हणाली.

शेवटी तिनं काकांची बिडी सोडवली. एका संध्याकाळी काका नापास झाले आणि त्या वेळी तिनं कडी लावली नाही. पिशवी भरली आणि लेकीकडं, अवसरी बुद्रुकला निघून गेली. "बिडीसंगं संसार करा," एवढंच म्हणाली. काका आधी ऐटीत होते. मग भाकरी करपायला लागल्या, म्हशीनं पान्हा चोरला, आणि गावातले पुरुष त्यांना बघून गालात हसायला लागले. एके दिवशी ते धुतलेलं धोतर नेसून दुकानात आले. खिशातलं अर्धं बंडल फळीवर ठेवलं. "टाकून द्या, शेट. मी अवसरीला चाललो." दुसऱ्या दिवशी दोघं एसटीतून उतरले. मावशी पुढे, पिशवी घेऊन काका मागे.

त्यांनी खरंच सोडली. फार जड गेलं त्यांना. बोलता बोलता हात बंडीच्या खिशाकडं जायचा आणि रिकामाच परत यायचा. पण पुढं कित्येक वर्षं ते एकदाही नापास झाले नाहीत. मावशी बायकांना सांगायची, "मी सोडवली." काकाही सांगायचे, "हिनं सोडवली." त्या घराचा तो मान होता.

दोन हजार साल उलटून गेल्यावर कधीतरी, मावशी तंबाखू जास्त न्यायला लागली. मी सहज विचारलं. ती म्हणाली, "गालात आतून चट्टा उठलाय. तिखट लागलं की जीव जातो. मिश्री दाबून धरली की बधिर व्हतं, बरं वाटतं." त्याच गालात, त्याच जागी, ती रात्रंदिवस मिश्री भरून ठेवत होती. औषध म्हणून.

काका तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, बिडी ओढता का, तंबाखू खाता का? मावशीला हा अपमान वाटला. "मी? समद्या आळीच्या सोडवल्यात मी," ती म्हणाली. शेजारी बसलेल्या काकांनी मान डोलावली. दोघंही खोटं बोलत नव्हते. तोंड आल्याच्या गोळ्या मिळाल्या, त्यांत पावसाळा गेला.

दिवाळीनंतर गाल बाहेरून सुजला, तेव्हा पुण्याला नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिचे दात बघितले आणि वेगळाच प्रश्न विचारला. मिश्री लावता का?

पुण्याहून आल्यावर काका फळीवर बसले. मग म्हणाले, "शेट, बाई म्हनल्या ही तंबाखूच हाय. तंबाखू हाय ह्ये आमाला ठावं नव्हतं व्हय? तुमच्याकडनंच नेतो की. पर भाजली की तिचं जहर जळून जातं, असं हिची आय सांगायची. हिनं तेच धरलं. मी बी धरलं." लेक अवसरीहून आली, तेव्हा 'आईला तंबाखूनं झालंय' एवढंच घरात बोललं गेलं. लेकीनं त्याचा अर्थ तिच्यापुरता लावला. तिच्या लेखी तंबाखू म्हणजे बिडी, आणि त्या घरात बिडी कुणी ओढली होती, ते सगळ्यांना माहीत होतं. मावशीनं तो अर्थ दुरुस्त केला नाही. काकांनीही नाही.

ऑपरेशन झालं, लाईट, म्हणजे किरणांचे शेक, दिले. मावशी परत आली तेव्हा चेहऱ्याची डावी बाजू गेली होती. ती सदा पदर ओढून असायची. जबडा आवळून गेला होता, दातांतून बोट जाईना. नाकात नळी, त्यातून दूध आणि पेज. बोलणं काकांशिवाय कुणाला समजत नव्हतं. पुण्याच्या डॉक्टरांनी पुन्हा येऊ नका, असं सरळ शब्दांत न सांगता सांगितलं होतं. पायरीवरच्या बायका दोन-चार दिवस भेटायला गेल्या. मग दुपारच्या वेळी दुसऱ्या पायरीवर बसायला लागल्या.

आणि एक दिवस काका दुकानात येऊन म्हणाले, "एक बंडल द्या. काडीपेटी बी."

"काका, आत्ता? मावशी अशी असताना?"

"द्या म्हनतो ना."

त्या दुपारपासून मावशीच्या खिडकीतून धूर दिसायला लागला. आळीला दुसरा विषय उरला नाही. बायको मरायला टेकलीय आणि म्हातारा तिच्या उशाला बसून बिड्या फुंकतोय. एवढ्या वर्षांचं उट्टं काढतोय, असं कुणी म्हणालं. मीही मनातून म्हणालो.

मग एकदा मी साबुदाणा द्यायला म्हणून त्यांच्या दारात गेलो. दार लोटलेलं होतं. काकांनी बिडीचा झुरका घेतला, छातीत ठेवला नाही, वाकले आणि मावशीच्या मोकळ्या नाकपुडीशी तोंड नेऊन हळूच सोडून दिला. मावशीनं डोळे मिटून तो धूर आत ओढला. काका खोकले. तिनं त्यांच्या मनगटाला धरून ओढलं. आणखी. त्यांनी पुन्हा झुरका घेतला.

तेवढ्यात तिला मी दिसलो. तिनं झटकन पदर ओढला आणि माझ्यापुढे हात जोडले. मावशीनं माझ्यापुढे हात जोडलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

काका मागोमाग बाहेर आले. "तिला तलफ येती, शेट. लई येती. मिश्री आत जात न्हाई. हातानं खूण करून मला म्हनली, तुमी वढा आन् मला द्या." मग इकडंतिकडं बघून म्हणाले, "कुनाला बोलू नका. तिनं सोताच्या गळ्याची आन घातलीय मला. आळीला कळलं तर तिचं नाव जाईल."

पुढच्या आठवड्यात लेक अवसरीहून आली, न कळवता. तिनं बाप आईच्या तोंडावर धूर सोडताना पाहिला. तिच्या ओरडण्यानं आम्ही सगळे बाहेर आलो. तिनं बापाच्या हातातली बिडी हिसकून रस्त्यावर फेकली.

"ज्या धुरानं आईला खाल्लं, त्योच तिच्या तोंडावर सोडता? मानूस हाय का कोन, आबा?"

काका भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांनी एकदा मावशीकडे बघितलं. मीही बघितलं, खिडकीतून दिसत होतं. तिला सगळं ऐकू येत होतं. नुसता हात वर केला असता, नवऱ्याकडे बोट करून 'मीच मागितली' अशी खूण केली असती, तरी पुरे होतं. मावशीनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

त्या क्षणी मला तिचा संताप आला. अजूनही येतो. आणि अजूनही तिची कीव येते. चेहरा गेला होता, वाचा गेली होती, अन्न गेलं होतं. बिडी सोडवणारी बाई एवढं एकच तिच्यापाशी उरलं होतं, आणि ते जपायला तिला नवऱ्याशिवाय दुसरं काही द्यायला नव्हतं. काकांनी दिलं. लेक गेल्यावर दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बंडल घ्यायला आले. लोक तोंडावर थुंकल्यासारखं बोलत होते, आणि ते पैसे ठेवून मान खाली घालून निघून जात होते.

मावशी गेली तेव्हा उन्हाळा लागला होता. दहाव्याला नदीकाठी सगळ्यांच्या देखत लेक म्हणाली, "माज्या आईनं आळीच्या बिड्या सोडवल्या, आन् घरच्याच बिडीनं तिचा जीव घेतला. ह्यापुढं मला माहेर न्हाई." बायकांनी डोळे पुसले. काका गुडघ्यात मान घालून बसले होते. त्यांनी त्या दिवसापासून बिडीला हात लावला नाही, पण ते बघायला आता कुणी नव्हतं.

मी एकदा फळीवर बसवून त्यांना म्हणालो, "सांगून टाका की लेकीला. नाहीतर मी सांगतो."

"न्हाई, शेट," ते म्हणाले. "ती मला शिव्या देती, पर आईच्या फोटोला रोज दिवा लावती. ऱ्हाऊ द्या तसंच."

पुढच्या श्रावणात जत्रेला लेक ओतूरला आली. पोरांना घेऊन माझ्या दुकानात गोळ्या घ्यायला थांबली. समोर माहेर. मी म्हणालो, "काकांना भेटून जा." ती म्हणाली, "त्या घरात मला बिडीचा वास येतो, शेट." माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी समोर बघितलं. काका दारात उभे होते, नातवंडांकडे बघत. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. मग लेकीला रस्त्यानं जाताना तोंड फिरवायला लागू नये, म्हणून आत जाऊन त्यांनी हळूच दार लावून घेतलं.