विहिरीतल्या पस्तीस चकरा

मी शाळेत खेळ शिकवते आणि मला पोहता येत नव्हतं. मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या आमच्या शाळेत ही गोष्ट कुणाला माहीत असण्याचं कारणच नव्हतं. तिथे खो-खो, कबड्डी, धावणं, फार तर व्हॉलीबॉल. पाण्याशी संबंध येतो तो नळापुरता.

दिवाळीच्या सुट्टीत माझी एक जुनी विद्यार्थिनी मैदानावर भेटायला आली. ती आता नागपूरला नोकरी करते. तिनं तिकडच्या ट्रायथलॉन स्पर्धेचं सांगितलं. साडेसातशे मीटर पोहायचं, मग वीस किलोमीटर सायकल, मग पाच किलोमीटर धावायचं, सगळं एकापाठोपाठ. "मॅडम, तुम्ही तर आरामात कराल," ती म्हणाली. आजूबाजूला माझ्या संघातल्या सात-आठ मुली उभ्या होत्या. त्यांच्यासमोर मी म्हणून गेले, "हो, करीन की." वय एक्केचाळीस, तोंड मात्र सोळा वर्षांच्या पोरीचं. त्याच संध्याकाळी फॉर्म भरून टाकला. स्पर्धेला चार महिने होते.

नवरा छिंदवाड्याला नोकरीला, शनिवारी रात्री येणार, सोमवारी पहाटे जाणार. मी आणि अकरा वर्षांची लेक पांढुर्ण्यात. रोज बसनं सौंसरला जाणं-येणं. लेक झोपेत असताना मी पहाटे धावायचे, पण घरापासून लांब जायची हिंमत नव्हती. बाहेरून कुलूप घालून आमच्याच गल्लीत इकडून तिकडे धावायचे. दर फेरीला खिडकीकडे बघायचं, दिवा लागला का. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, "मॅडम, काही हरवलं काय?" सायकल रविवारी. दोन्ही जमत गेलं. पाण्याचं काय, हा प्रश्न रोज पुढं ढकलत होते.

शेवटी मी तिगावला गेले. तिथे माझ्या दिरांचा, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाचा, संत्र्याचा बगीचा आहे. बगीच्यात पायऱ्यांची मोठी विहीर. थोरली जाऊ बोरगावची लेक. लहानपणी चार भावांबरोबर विहिरीत उड्या मारून वाढलेली, आता बावन्न वर्षांची. मी भीत भीत विचारलं. ती हसली नाही. एवढंच म्हणाली, "रविवारी ये. पोट भरून नोको येऊ."

ती जुनी साडी कासोटा मारून पाण्यात उतरायची आणि एकदम हलकी होऊन जायची. जमिनीवर गुडघे धरून चालणारी बाई पाण्यात माशासारखी फिरायची. माझ्या कमरेला दोर. दोराचं दुसरं टोक पायरीवर बसलेल्या माझ्या लेकीच्या हातात. लेकीला तिच्या मोठ्या आईचं, म्हणजे जाऊचं, फार अप्रूप होतं. "आई, पाय मार, पाय!" ती वरून ओरडायची. जानेवारी उजाडेपर्यंत मी विहिरीच्या कडेकडेनं चकरा घेऊ लागले. आम्ही हिशेब बसवला होता: पस्तीस चकरा म्हणजे साडेसातशे मीटर. माझ्या बारा व्हायच्या.

जानेवारीतल्या पहिल्याच रविवारी मीच म्हटलं, "ताई, आज दोर नको."

जाऊ थांबली. "जमन का तुले?"

"जमेल."

तिनं दोर सोडला. पाणी थंडगार होतं. चार चकरा नीट झाल्या. पाचवीत, विहिरीच्या पायरी नसलेल्या बाजूला, उजव्या पोटरीत गोळा आला. पाय दगडासारखा झाला. मी हात भिंतीकडे टाकला, भिंतीवर शेवाळ होतं, हात घसरला. तोंडात पाणी गेलं. त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. हिरवा अंधार आठवतो. आणि हाताला काहीतरी लागलं, ते मी धरलं, त्याच्यावर चढले, डोकं वर काढून श्वास घेतला, आणि ते अजून घट्ट धरलं.

ते म्हणजे जाऊ होती. ती मला धरायला आली होती आणि मी तिच्या मानेला दोन्ही हातांनी विळखा घालून तिला खाली दाबत होते.

तिनं माझे हात सोडवायचा प्रयत्न केला असणार. मला ते कळलं नाही. मग ती स्वतःच खाली गेली, खोल, मला घेऊन. मी घाबरून हात सोडले. ती लांब निघाली, मागून आली, माझे केस मुठीत धरले आणि मला उताणं केलं. तेवढ्यात लेकीनं फेकलेला दोर पाण्यावर पडला. जाऊनं तो एका हातानं पकडला. आम्ही दोघी पायरीवर येऊन पडलो. जाऊला उलटी झाली. वर बगीच्यापलीकडून एक मालगाडी जात होती, ती किती वेळ जातच राहिली.

जाऊनं वळ उठलेल्या मानेभोवती पदर गुंडाळला आणि लेकीला म्हणाली, "घरी काही सांगू नोको बरं, बाई."

परतताना स्कूटीवर लेक माझ्या कमरेला धरून बसली नाही. मागची दांडी धरून बसली. पांढुर्णा जवळ आल्यावर म्हणाली, "आई, तू मोठ्या आईला खाली दाबून राहिली होती."

"मला कळलं नाही गं बाळा."

"ती हात हलवून राहिली होती. तू पाहिलंच नाही."

मी स्कूटी बाजूला घेतली. गाडी बंद केली. ती म्हणाली, "चल नं, घरी चल."

नवऱ्याला मी पायात गोळा आल्याचं सांगितलं. एवढंच. पुढचे दोन रविवार मी तिगावला गेले नाही. जाऊचा फोन आला नाही. शाळेत मुलींना धावायला लावून मी सावलीत उभी राहायचे आणि माझे हात मलाच परके वाटायचे. बुडण्याची भीती एक वेळ समजते. पण मी त्या क्षणी काय करू शकते हे मला कळलं होतं, आणि माझ्या लेकीनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

तिसऱ्या रविवारी एकटीच गेले. जाऊ ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मान झाकलेली. मीही शेंगा घेतल्या. परातीत मूठभर दाणे जमल्यावर मी विषय काढला.

"ताई, त्या दिवशी..."

"त्या दिवशी मी तुह्या तोंडासमोर होती," ती खाली बघत म्हणाली. "पण तुले मी दिसलीच नाही. लाकूड सापडलं असतं तं त्यालेबी असंच धरलं असतं तू."

"मी मुद्दाम नाही केलं."

"मालूम हाय मले. म्हणून तं भेव लागलं. मुद्दाम केलं असतं तं दोन लावून दिल्या असत्या."

मी म्हटलं, "मी नाव मागे घेते. बस झालं."

"घे. त्याचं मले काही नाही." तिनं सोललेले दाणे परातीत टाकले. "पण पाण्यात येणं बंद नोको करू. आता तू बाहेर बसली तं तुही पोट्टी जलमभर पाण्यात पाय नाही टाकणार. अन् मी नाही उतरणार आता तुह्यासंग. पायरीवर बसीन. पहिले निस्ती पडून राहाची. हात नाही मारायचा, पाय नाही मारायचा. भेव आलं का उताणी हो अन् पडून राह्य. कोणाले धराचं नाही."

त्या दिवशीच तिनं मला उतरवलं. कमरेला दोर बांधून. अर्धा तास मी पाण्यावर उताणी पडून होते. कान पाण्यात, वर गोल आभाळ, आणि स्वतःच्या छातीचा आवाज. हात सारखे काहीतरी शोधत होते. "हात!" जाऊ पायरीवरून ओरडायची. मी मुठी उघडायचे. पुन्हा मिटायच्या. "हात!" पोहण्याहून हे अवघड होतं. दोन रविवार तेच केलं आणि मग चकरांना सुरुवात केली. लेक तिगावला यायची, पण विहिरीकडे येत नव्हती. घरातच बसायची. फेब्रुवारी संपताना दोर सोडून पस्तीस चकरा झाल्या. जाऊ म्हणाली, "झालं." एवढंच.

नाव मी मागे घेतलं नव्हतं.

मार्चमधल्या त्या सकाळी नागपूरबाहेरच्या तलावावर नवरा आणि जाऊ आले होते. लेक आली नाही. "मला नाही पाहायचं," म्हणाली आणि तिगावला मोठ्या काकांजवळ थांबली. मी काठावर जाऊन तलाव बघितला. विहिरीला भिंत असते. इथे चारी बाजूंना नुसतं पाणी. पस्तीस मिनिटांत बाहेर आलं नाही तर पुढे सायकलला जाऊ देणार नाहीत, असं त्यांनी सांगितलं.

शिट्टी झाली आणि सगळे एकदम पाण्यात. कुणाचा तरी पाय माझ्या तोंडावर बसला. श्वास तुटला. खाली बघितलं तर तळ नाही, काळं पाणी. बाजूला एक माणूस पोहत होता, त्याची नारंगी टोपी हातभर अंतरावर. माझा हात त्याच्याकडे गेला. खरंच गेला, मी तो जाताना पाहिला. मी तो मागे घेतला आणि उताणी झाले.

होडीतला माणूस जवळ आला. "मॅडम, येता का वर?"

"थांबा," मी म्हटलं. "पडून राहते जरा."

तो थांबला. सगळे पुढे निघून गेले. पाण्याचा आवाज लांब गेला तेव्हा मी वळले आणि हात मारायला लागले. होडी शेवटपर्यंत माझ्या बाजूनं चालत होती. किनाऱ्याला पाय टेकले तेव्हा घड्याळ लावून उभा असलेला पोरगा म्हणाला, "दीड मिनिट राहिलं, पळा!" मी पाण्यातून सगळ्यात शेवटी निघाले. सायकलवर काही जणांना मागे टाकलं. धावताना ऊन डोक्यावर होतं, शेवटचा किलोमीटर अर्धा चालतच काढला. पोचले तेव्हा माझ्यामागे दोघंच उरले होते. जाऊ झाडाखाली डबा उघडून बसली होती. "लय वेळ लावला वं," ती म्हणाली आणि माझ्या हातात भाकरी दिली. तिचा हात गार होता, त्या उन्हातही.

संध्याकाळी लेकीला घ्यायला तिगावला गेलो. माझ्या गळ्यात पदक होतं, पण तिनं त्याला हात लावला नाही. मला जरा बाजूला घेऊन विचारलं, "मोठी आई पाण्यात उतरली होती का?"

"नाही. ती काठावरच होती."

"तू कोणाला धरलं?"

"नाही धरलं."

तिनं माझ्या दोन्ही हातांकडे बघितलं. मग आत जाऊन तिची बॅग घेऊन आली आणि म्हणाली, उद्या गणिताची टेस्ट आहे, लवकर निघू या.