वन्संचा जिना

निरोप घेऊन आला तो खानावळीतला मेंबर, थेट गिरणीतून. केसांत कापसाचे तंतू तसेच होते. मी गिरगावातल्या शाळेत पाचवीच्या वर्गावर होते. दाराशी उभा राहून तो म्हणाला, "बाई, मावशी गेली." मी विचारलं, "कुठे होत्या?" आधी तेच तोंडात आलं. तो खाली बघत म्हणाला, "जिन्यात..."

मावशी म्हणजे माझी थोरली नणंद, शांतावन्सं. ऐन तारुण्यात विधवा झाल्या आणि लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर खानावळ चालवू लागल्या. घरदार कोकणात ठेवून आलेले गिरणीकामगार त्यांच्याकडे दोन वेळा जेवत. लहानपणी सांधेतापाने त्यांच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली होती, पण ते कळलं फार उशिरा. एकदा पाण्याची कळशी घेऊन वर येताना त्या घेरी येऊन पडल्या, तेव्हा डॉक्टरांनी छाती तपासून सांगितलं. वन्संचं म्हणणं एकच, "माका काय धाड भरली हा? मी बरी आसंय."

माझ्या यजमानांनी मात्र धसका घेतला. त्यांनी खानावळ बंद केली आणि आपल्या अक्काला आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत आणून झोपवलं. अळणी जेवण, उशाशी पाणी, आणि येणाजाणाऱ्याचा एकच प्रश्न : कसं वाटतंय? पहिले काही दिवस त्या हसून उत्तर देत. मग नुसती मान हलवू लागल्या. पावसाळा संपेपर्यंत त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागल्या. न्हाणीपर्यंत जायलाही माझा हात लागे. डॉक्टर पुन्हा आले आणि बराच वेळ नळी लावून बसले. म्हणाले, "हृदय होतं तसंच आहे. सूज नाही, नवीन काही नाही. मग ह्या एवढ्या खंगल्या कशानं?"

वन्सं भिंतीकडेच बघत म्हणाल्या, "डॉक्टर, दिवसभर सगळे विचारतात, कसं वाटतंय. मग मी पण छातीकडे कान लावून बसते. दुसरं काम काय आहे मला?"

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. संप, मोर्चे, गोळीबार, संचारबंदी. एका संध्याकाळी खानावळीतले चौघे भेटायला आले. त्यांनी तब्येत विचारलीच नाही. एकजण म्हणाला, "मावशी, मोर्च्यातनं येऊन पाव खाऊन झोपतो आम्ही. तुझ्या आमटीशिवाय मुंबई मिळाली तरी काय उपेग?" वन्सं उठून बसल्या. "मेल्यानो, आधी मिळवा तरी," म्हणाल्या, आणि मला ट्रंक काढायला सांगितली.

यजमान आडवे आले. "अक्का, तो जिना चढशील आणि मरशील."

"मरेन तेव्हा मरेन रे. इथे काय करत्ये मग?"

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मी ट्रंक काढली. मला ते बरोबर वाटलं होतं, आजही वाटतं. डॉक्टरांनी अटी घातल्या : वजन उचलायचं नाही, स्वयंपाक बसून करायचा, मीठ बेताचं, आणि जिन्यात धाप लागायच्या आधी थांबायचं.

पण थांबायला वन्संना कारण लागे. दम लागलाय, हे कुणाला सांगणं त्यांच्या जिवावर येई. म्हणून पहिल्या मजल्यावर त्या सावंतकाकूंच्या दारात उभ्या राहत. काकू आतूनच हाक मारत, "इलंस गो शांते? आमटी चाख." वन्सं पळीभर आमटी तळहातावर घेऊन चाखत आणि दर वेळी म्हणत, "मीठ कमी आसा." दुसऱ्या मजल्यावर गिरणीतून रिटायर झालेले तात्या बाकावर पेपर घेऊन बसलेले असत. वन्सं बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकून विचारत, "काय म्हणते दिल्ली?" तात्या मोठ्यानं वाचत, वन्सं अधूनमधून "बरं" म्हणत. मग शेवटचा जिना. त्याच्या वळणावर कुणाचंच दार नव्हतं. तिथे त्या भिंतीला हात टेकून नुसत्या उभ्या राहत. चाळीला वाटे, बाई बोलकी आहे. चार वर्षं त्या अशा चढल्या-उतरल्या, माणसं जेवू घातली, मोर्च्यात घसा बसेपर्यंत ओरडल्या. कुणी तब्येतीचं विचारलं तर म्हणत, "ठणठणीत."

त्या दिवशी सकाळी त्या बाजारातून आल्या, आमटी चाखली, बाकावर टेकल्या. नवं राज्य होणार हे तेव्हा ठरलेलं होतं. तात्या तीच बातमी वाचत होते. जाणारे-येणारे बाजूने गेले, कुणाला काही वेगळं दिसलं नाही. "सगळी बातमी वाचली मी," तात्या मला म्हणाले, "पण शांता 'बरं' म्हणाली नाही, म्हणून मान वर केली..." हे सांगताना तात्या बाकावर बसले नव्हते. अजूनही बसत नाहीत.

आमचे यजमान म्हणतात, जिन्यानं नेलं. मी वाद घालत नाही. आमच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली बाई मी पाहिली आहे आणि चाळीतली पाहिली आहे. हृदय दोघींचं एकच होतं.

राज्य झालं तेव्हा चाळीला सफेदी काढली. मी वन्संची भांडी आणायला गेले, तर शेवटच्या वळणावर नव्या चुन्यातून हाताचा डाग वर आलेला. खानावळवालीचा हात, कितीही धुतला तरी तेलकट. चाळकऱ्यांनी पुन्हा चुना मारून घेतला. पुढच्या खेपेला पाहिलं तर डाग पुन्हा तिथेच. तेल चुन्याला दाद देत नाही, एवढंच त्याचं कारण, हे मला ठाऊक आहे. तरी मी जिन्याच्या दुसऱ्या कडेने गेले.

परवा शेवटचं पातेलं घेऊन उतरत होते. जड होतं, म्हणून पहिल्या मजल्यावर जरा टेकले. आतून हाक आली, "इलंस गो? आमटी चाख." काकू पळी हातात धरून दारात आल्या. मला बघूनही त्यांनी पळी मागे घेतली नाही.

मी तळहात पुढे केला. चाखली. आमटी अगदी नीट होती.

"मीठ कमी आहे," मी म्हटलं.