देवाचा अबोला

मठातून फोन आला तेव्हा आई मेथी निवडत होती, म्हणून मी घेतला. पलीकडून कोणीतरी इंग्रजीत, अगदी हळू आवाजात सांगितलं की ब्रदर शांतवन यशवंतपूरच्या बाजारातून सायकलवर परत येत होते, लॉरीने धडक दिली, जागच्या जागी गेले. मी "थँक यू" म्हणून फोन ठेवला. आता हे आईला मराठीत सांगायचं होतं आणि मला पहिला शब्दच सापडेना...

शांतवनदादा माझ्या मावशीचा मुलगा. नगर जिल्ह्यातल्या खेड्यात, मराठी शाळेत शिकलेला, एकविसाव्या वर्षी बंगळूरच्या या कॅथलिक मठात आला. वडिलांच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे आम्ही आधीपासूनच इथे होतो. महिन्यातून एका रविवारी त्याला आमच्याकडे यायची परवानगी असे. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला तो "अण्णा, स्वल्प पिकलेली केळी द्या" म्हणे आणि आपण कन्नड बोललो याचा त्याला अभिमान वाटे. मी फारशी बोलत नसे. त्याचं त्याला काही नव्हतं. मठात दिवसाचे कितीतरी तास मौनच असतं, गप्प माणसाशेजारी बसायची त्याला सवय होती.

मठातला धर्मशास्त्राचा अभ्यास इंग्रजीत चाले. अखेरची व्रतं घेण्याआधी एक मोठा निबंध द्यावा लागे. तो वाचून आणि विचारपूस करून ज्येष्ठ मंडळी ठरवत, याला कायमचं ठेवायचं की नाही. आयुष्यात दादाला तेवढंच हवं होतं. माणूस हाक मारतो आणि देव उत्तर देत नाही अशी जी स्तोत्रं आहेत, त्यांच्यावर त्याने लिहिलं. वहीत, मराठीत. भाषांतर आणि टायपिंग माझ्याकडे आलं, कारण घरात माझ्या इंग्रजीचं सगळ्यांना कौतुक.

"काय गं इंग्रजीबाई, माझ्या वाक्यांना फार मारलंस का?"

"स्वल्प," मी म्हटलं.

तो हसला. टाइप केलेली पानं नुसती चाळून त्याने सही केली. तू केलंयस म्हणजे बरोबरच असणार, म्हणाला.

दोन महिन्यांनी कळलं की व्रतं वर्षभर पुढे गेली. अजून अभ्यास हवा म्हणतात, एवढंच त्याने आईला सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "थोडी मराठी शीक गं, इंग्रजीबाई." मला ते फार लागलं. स्वतः मागे पडला आणि शिकवतोय मला... पुढच्या महिन्याच्या रविवारी तो आला तेव्हा मी खोलीतून बाहेर आले नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. आई दाराशी येऊन म्हणाली, "रूथ, दादा निघालाय." बाहेरून त्याचा आवाज आला, "राहू दे मावशी, बोलेल ती." त्यानंतर दहा दिवसांनी तो फोन.

अखेरची व्रतं घेतलेल्यांना मठात रुंद बाह्यांचा मोठा अंगरखा मिळतो आणि त्यातच पुरतात. दफनाच्या दिवशी दादा साध्या पांढऱ्या झग्यात होता. गावाहून आलेल्या मावशीने मठाच्या प्रमुख फादरांना विचारलं, "माझ्या लेकराचा अंगरखा कुठंय?" त्यांना मराठी येत नव्हती. मधे मी उभी राहिले.

फादर म्हणाले, "निबंधात त्याने लिहिलं होतं की देव इथे नाही. हे तुझं म्हणणं आहे का, आम्ही विचारलं. तो म्हणाला, वाक्य चुकलंय, पण सही माझी आहे. याहून जास्त काही बोलला नाही. म्हणून आम्ही त्याला वर्षभर थांबवलं. तिला सांगा, याचं मला दुःख आहे."

मी मावशीला म्हटलं, "अभ्यास थोडा बाकी होता, म्हणतात."

त्याच्या सामानाबरोबर ती वही घरी आली. एका पानाच्या मथळ्यावर होतं, 'देवाचा अबोला'. 'सायलेन्स' हा शब्द मी आधीच मौनासाठी वापरला होता, म्हणून इथे जरा भारदस्त वाटणारा 'ॲब्सेन्स' घातला होता. म्हणजे देव नसणं. त्याखाली दादाचं वाक्य होतं: 'परक्याशी कोणी अबोला धरत नाही, आपल्याच माणसाशी धरतात.' ते मला घरगुती वाटलं होतं. निबंधात शोभणार नाही म्हणून मी ते गाळलं होतं.

तिसाव्या दिवशी मी मठात जाऊन फादरांना सगळं सांगितलं. त्यांनी 'अबोला' हा शब्द दोनदा म्हणून पाहिला. निर्णय आता बदलता येत नाही, म्हणाले. मग विचारलं, "त्याच्या आईला सांगितलंत?" मी मान हलवली, नाही अशी.

जेवणाची घंटा झाली. जेवणघराच्या दारातूनच त्यांनी मला दादाची जागा दाखवली. कोणी गेलं की तिथे तीस दिवस क्रूस ठेवतात, ताट वाढतात आणि ते फाटकाशी येईल त्या भुकेल्याला देतात. आज शेवटचं ताट. जेवायला बसतात ते मठात दाखल झालेल्या क्रमाने. उद्यापासून त्याच्या मागून आलेले सगळे एकेक जागा पुढे सरकणार होते.

वर्तमानपत्राच्या ज्या पुरवणीत हे छापून येतंय, ती मावशी वाचते. मावशी, त्या दिवशी फादर काय म्हणाले ते वर लिहिलं आहे. त्यातलं काही गाळलेलं नाही.