डाव्या खुंटीवरची गिटार

त्यांच्याबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही. अकरा वर्षं शेजारच्या टेबलावर बसलो, पण त्यांना मुलं किती हेही मला ठाऊक नव्हतं. कारखान्यात सगळे त्यांना जुनेरदादा म्हणत. कोऱ्या करकरीत इलेक्ट्रिक गिटारी पन्नास वर्षं वापरल्यासारख्या करून देणं हे त्यांचं काम. किल्ल्यांचा जुडगा आपटून टवके पाडायचे, पॉलिश पेपरनं रंग उडवायचा. "नवरीची आठवड्यात आजी करून देतो," म्हणायचे. स्वतःच्या सदऱ्यावर मात्र एक सुरकुती खपत नसे.

एक बाई नवऱ्याची जुनी गिटार घेऊन आल्या. नवरा गेलेला, मुली दोन, गिटार एक. अगदी तशीच दुसरी हवी होती. एका ठिकाणी नाण्याएवढा रंग झिजला होता. त्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "इथं त्यांचं कोपर टेकायचं. दोन्हींतली खरी कुठली, ते फक्त मला कळलं पाहिजे."

आमचा नियम साधा होता. अस्सल डाव्या खुंटीवर, नक्कल उजव्या. वायरिंग जुळवायला मी दोन्ही उघडल्या आणि टांगताना अदलाबदल केली. कशी केली, ते आजही सांगता येत नाही.

नक्कल तयारच होती, शेवटचा हात तेवढा राहिला होता. दादांनी उजवीकडची गिटार उतरवली आणि कोपराच्या जागेवर पेपर जोरात फिरवला. नवा रंग चिवट असतो. हा कोरड्या पापुद्र्यासारखा तळहाताएवढा निघून आला. खाली गोरं लाकूड नव्हतं, काळपट होतं.

त्यांचा हात तसाच अधांतरी राहिला. त्यांनी खुंट्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या दिवशी खुंट्यांना माझ्याशिवाय कुणाचाच हात लागला नव्हता. मी मान खाली घालून वायरी सोलत राहिलो.

बाई आल्या तेव्हाही मान वर केली नाही. दादाच म्हणाले, "ताई, चूक झाली. खरी गिटार घासली गेली. माझ्या हातून."

बाईंनी त्या जागेवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"अहो, आता इथं त्यांचं कोपर नाही," त्या म्हणाल्या. "तुमचा हात आहे."

त्या दोन्ही गिटारी घेऊन गेल्या. दादांनी किल्ल्यांचा जुडगा खणात ठेवला, बोटं एकेक करून पुसली आणि मालकांना सांगून त्याच संध्याकाळी काम सोडलं. सहा महिन्यांनी ते गेल्याचं कळलं. मुलगा एकच होता, हेही तेव्हाच कळलं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेलो होतो. निदान त्यांना एकट्याला तरी सांगावं, म्हणून.

"दादा..."

ते चपला घालत होते. मान वर न करता म्हणाले, "डबा विसरलास बघ टेबलावर."

"अहो हो," मी म्हणालो.