हंडा हलवला म्हणून

माझा हात माझ्या आधी उठतो. हे काही कौतुकानं सांगत नाही. चौथीत असताना वेणी ओढणाऱ्या एका पोराचा मी दात पाडला होता. आईला शाळेत बोलावलं, तर तिला वाईट वाटायचं सोडून हसूच आवरेना. तेव्हाच दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात मी नववीची परीक्षा दिली होती. आमच्या शाळेतली आठ मुलं चीनमधल्या एका शाळेत बारा दिवस राहायला जाणार होती, आणि त्या आठांत माझं नाव होतं. जिल्हा नवीन झाला तेव्हा आजोबा शिरूर अनंतपाळकडून नव्या कलेक्टर कचेरीत शिपाई म्हणून आले, तोच आमच्या घरातला तोवरचा सगळ्यात लांबचा प्रवास. त्यामुळं आई येईल-जाईल त्याला थांबवून सांगायची, माझी पोरगी चीनला चाललीय. मला लाज वाटायची आणि आवडायचंही.

त्याच कचेरीतनं त्या वर्षी हुकूम निघाला होता, टँकरजवळ पाचपेक्षा जास्त माणसांनी जमायचं नाही. म्हणून आमच्याकडं माणसांऐवजी हंडे जमायचे. सकाळीच हंडा रांगेत ठेवायचा आणि आपापल्या कामाला जायचं. तुमचा हंडा तिथं आहे म्हणजे तुम्ही तिथं आहात. त्याला कुणी हात लावायचा नाही. बाईच्या पदराला हात घातला तर जे होईल, तेच हंडा हलवला तर व्हायचं. टँकर आठ-दहा दिवसांतनं एकदा यायचा. शेवटच्या चार-पाच हंड्यांना पाणी मिळायचंच नाही.

काकू आमच्या शेजारची. आई आणि ती एकाच वर्षी लग्न होऊन गल्लीत आल्या. काकूचा नवरा लवकर गेला, लेकरूबाळ नाही, नांदेडला एक भाऊ तेवढा. बाळपणी मला न्हाऊमाखू तिनंच घातलं. रविवारी विहारात वंदनेला दोघी शेजारीशेजारी बसायच्या आणि निम्मा वेळ हळू आवाजात गप्पाच मारायच्या.

चीनला जायला आठ दिवस उरले होते तेव्हाची गोष्ट. आई घरात भाकरी थापत होती, मी कळशी घेऊन रांगेकडं निघाले. टँकर वळणावर आला होता. बघते तर आमचा हंडा काकूच्या हातात.

तळपायाची आग मस्तकात गेली. काही विचारलं नाही, ओरडलेसुद्धा नाही. हातातली स्टीलची कळशी फिरवली. तिचा काठ काकूच्या डाव्या भुवईत घुसला. काकू आधी खाली बसली, मग आडवी झाली. आणि ती खाली पडल्यावर मी परत मारलं. हे दुसरं मारणं मी कितीतरी दिवस कुणापाशी बोलले नव्हते.

मग सगळी गल्ली एकमेकींच्या अंगावर. कुणी माझे केस धरले, कुणी कुणाचा हंडा लाथाडला. टँकरचा पाइप सुटला आणि पाणी रस्त्यावर. काकू रक्तात पडलेली, आणि तिच्या डोक्याशेजारी दोघीजणी सांडलेलं पाणी ओढणीनं टिपून बादलीत पिळत होत्या. टँकरबरोबर बंदोबस्ताला असलेला हवालदार धावत आला. त्यानं काठी आपटून विचारलं, हिला कुणी मारलं?

तेवढ्यात आई पिठाच्या हातानं पळत आली. तिनं काकूकडं बघितलं, माझ्या हातातल्या कळशीकडं बघितलं, कळशी काढून घेतली.

"म्या मारलं," आई म्हणाली.

गल्लीनं सगळं बघितलेलं होतं, पण एक बाई तोंड उघडेल तर शपथ. पोरीचं नाव पोलिसांत गेलं तर शाळा तिला नेणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं. काकूचा उजवा डोळा उघडा होता. आईचं नाव लिहून घेतलं, दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी लावली. काकूला तिच्या भावानं नांदेडला नेलं. डोळा राहतो की जातो, तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं. मी विमानात बसले.

चीनमधलं ते शहर मोठं होतं, उंच इमारती आणि खाली ओळीनं झाडं. मी जिच्या घरी राहिले ती मुलगी माझ्याच वयाची, चष्म्याची, माझ्यापेक्षा वीतभर उंच. तिचे वडील बस चालवायचे, आई दुकानात होती. दारात चपला काढायच्या, हे आपल्यासारखंच. नाष्ट्याला गरम पेज आणि उकडलेलं अंडं. आम्ही एकमेकींशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायचो, अडलं की ती तिच्या फोनवर लिहायची आणि फोन भाषांतर करून द्यायचा.

दुसऱ्याच दिवशी आम्ही आठही जणांनी आपली शोभा करून घेतली. शाळेपुढं रस्त्यावर लांबून गाणं वाजवत एक टँकर आला आणि आमचे पाय आपोआप पळायला लागले. बघतो तर तो टँकर रस्ता धूत होता. चांगलं स्वच्छ पाणी, डांबरावर. आमच्यातला एक औशाचा मुलगा तिथंच फुटपाथवर बसला आणि त्या ड्रायव्हरला आईवरनं शिव्या घालायला लागला. आमच्याबरोबर आलेल्या सरांनी त्याला कॉलर धरून उठवलं. मला त्या ड्रायव्हरला दगड मारावासा वाटला, खरं सांगते.

शाळा सकाळी साडेसातला सुरू. मैदानावर कवायत, मग तास, दुपारी जेवून बाकावर डोकं टेकून सगळा वर्ग झोपायचा. आणि रोज एकदा स्पीकरवर संगीत लागायचं की सगळ्यांनी डोळे मिटून, बोटांनी भुवया, डोळ्यांच्या कडा, कपाळ चोळायचं. नजर चांगली राहावी म्हणून. चाळीस पोरं एका तालात भुवया दाबायची. मी पहिल्या दिवशी डावी भुवई दाबली आणि बोट काढून घेतलं. नंतर मी डोळे उघडे ठेवून नुसती बसायचे.

आम्हाला एक मोठं बुद्धमंदिर दाखवायला नेलं. एवढी थोरली मूर्ती मी कधी बघितली नव्हती, मान मोडेस्तोवर वर बघावं लागलं. लोक उदबत्त्यांचे जुडगे पेटवून उभे. सर म्हणाले, तुझ्या तर घरचंच आहे हे, म्हण की काहीतरी. आमचं पहिलंच शील, कुणा जिवाला इजा करणार नाही. दर रविवारी म्हणत आले होते. सरांना म्हटलं, घसा बसलाय.

त्या संध्याकाळी सरांच्या फोनवरनं घरी बोलणं झालं. आईनं आधी जेवणाचं विचारलं. काकूचं विचारलं तर म्हणाली, आपरेशन झालंय, पट्टी काढल्याबिगर कळत नाही. मी विचारलं, ती तुझ्याशी काय बोलली? आई म्हणाली, मला भेटू दिलं नाही. मग म्हणाली, तू तिकडचं सगळं नीट बघून घे. तिच्या आवाजावरनं कळत होतं, ती रडली होती.

त्या शाळेत उकळत्या पाण्याची एक खोली होती. तिथले लोक गार पाणी पीत नाहीत. सकाळी पोरं आपापले थर्मास नळांपुढं रांगेत ठेवून जायची आणि दुपारी येऊन भरून न्यायची. मला ते बघून इतकं घरचं वाटलं. माझाही थर्मास मी रोज ठेवायचे. सातव्या दिवशी दुपारी मी खोलीत शिरले तर मी जिच्या घरी राहत होते त्या मुलीच्या एका हातात तिचा भरलेला थर्मास, आणि दुसऱ्या हातानं तिनं माझा रांगेतनं उचललेला.

मी तिच्या मानेवर गुद्दा घातला. पूर्ण ताकदीनं. तिचा चष्मा उडाला, तिचा भरलेला थर्मास फरशीवर फुटला, आतली काच आणि उकळतं पाणी तिच्या पायावर. तिची किंकाळी ऐकली तेव्हा मला कळलं की मी काय केलंय. त्याआधी काही कळलं नव्हतं.

तिथल्या शिक्षिका धावत आल्या. त्या मुलीनं दात आवळून काहीतरी सांगितलं. सरांनी फोनवर भाषांतर करून मला सांगितलं: तिच्या हातातनं थर्मास निसटला, असं म्हणतेय. दुसऱ्यांदा कुणीतरी माझ्यासाठी खोटं बोललं, आणि दुसऱ्यांदा मी गप्प राहिले.

शाळेतनं आम्हा दोघींना घरी पाठवलं. तिच्या आईनं तिचा पाय नळाखाली धरला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पाणी चालूच. पायावर फोड टरारून आलेले, ती मुलगी हुंदके देतेय, आणि माझ्या डोक्यात काय, तर केवढं पाणी चाललंय. माझा हात गेला आणि मी नळ बंद केला. तिच्या आईनं माझा हात बाजूला केला, नळ परत सोडला, आणि एकदाच माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता मारेल. मारलं नाही. मला स्वतःचीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी चीनची भिंत. ती मुलगी पाय उशीवर ठेवून घरी, आणि मी तिच्या देशाची भिंत चढतेय. पायऱ्या उंच, वारा एवढा की बोलणं ऐकू येईना. सगळे फोटो काढत होते. मी सरांना गाठून सांगितलं की थर्मास निसटला नव्हता, मी मारलं. सरांचा चेहरा पडला. ते म्हणाले, परत हे तोंडातनं काढायचं नाही, शाळेची अब्रू जाईल. मग म्हणाले, ते बघ, केवढी लांब गेलीय भिंत. मी बघितलं. काही दिसलं नाही, डोळे भरलेले होते.

घरी आल्यावर मी तिचा फोन मागितला आणि लिहिलं, मी तुला मारलं. तिनं वाचून लिहिलं, मला माहीत आहे, मीच तिथं होते. मग लिहिलं, का? मी लिहिलं, तू माझा थर्मास रांगेतनं काढलास. तिनं लिहिलं, माझा भरून नळ मोकळा झाला होता, मी तुझाही भरून घेत होते.

उरलेले चार दिवस तिच्या पायाला मलम मी लावलं. तिची आई शेजारी उभी राहून बघायची.

लातूरला उतरले आणि दुसऱ्या सकाळी आईला न सांगता नांदेडची एसटी धरली. काकू भावाच्या घरी ओसरीत बसली होती. डाव्या डोळ्याची पट्टी निघाली होती. डोळा जागेवर होता, पण पांढरट. मी हात पुढं केला तर त्या बाजूनं तिला कळलंच नाही.

मी पाय धरले. म्हटलं, काकू, तू आमचा हंडा भरून द्यायलाच उचलला होतास का गं? मला तेवढं ऐकायचं होतं. येताना विमानतळांवर बसून मी तेवढंच मनात घोळत आले होते.

"न्हाई," काकू म्हणाली. "मागं सारत होते. माझा नंबर शेवटचा होता. खोटं कशाला बोलू?"

मी म्हटलं, मग मला मार. इथं, सगळ्यांसमोर मार.

"तू पोरगी हायस. तुझा हात मला ठाऊक हाय, तुला न्हाऊ घालताना लई मार खाल्लाय म्या. पण तुझी आई म्हणली, म्या मारलं. अठरा वर्षं संगं राहून ती चारचौघांत म्हणली की तिनं मला मारलं. तुझ्याकडनं तुझी आई बोलली. माझ्याकडनं कोण बोललं?"

तिच्या भावजयीनं चहा आणला, तो प्यायला आणि परतीच्या एसटीत बसले.

चार दिवसांनी टँकर आला. तोच हवालदार. हंड्यांच्या रांगेत उभं राहून मी मोठ्यानं सांगितलं, काकूला मी मारलं, ती खाली पडल्यावर परत मारलं, आईनं तिला हात लावला नाही. एकदा नाही, तीनदा सांगितलं. हवालदार म्हणाला, लिहिलेलं लिहिलं, आता खोडता येत नाही. बायका खाली बघायला लागल्या. आईनं भरलेला हंडा जमिनीवर ठेवला आणि माझ्या मुस्काटात अशी मारली की ओठ फुटला. आईनं माझ्यावर हात उचललेला तो पहिलाच. मग ती भर रस्त्यात रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती नांदेडला गेली. दिवेलागणीला परत आली, दारातच बसली. मी पाणी दिलं. विचारलं, काय म्हणाली काकू?

"दार उघडलं न्हाई," आई म्हणाली. "आतच होती. खोकत होती. दिसभर बसले तिच्या पायरीवर."